निळ्या जर्सीतला जपानी

निवृत्त खेळाडूची गत आपल्याकडे बहुधा ठरलेली असते. क्रिकेटचा असेल तर समालोचन, जाहिराती, निवड समिती यांपैकी काहीतरी त्याच्या वाट्याला येते. फुटबॉलचा किंवा हॉकीचा असेल तर रेल्वेतली नाहीतर बँकेतली नोकरी, मग पेन्शन, आणि वर्षातून एकदा कुठल्या तरी मंडळाच्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची. पुढे एके दिवशी निधनाची चार ओळींची बातमी, तीही आतल्या पानावर. म्हणूनच २०२५ च्या नोव्हेंबरात एका निवृत्त फुटबॉलपटूचे नाव या फोनवरून त्या फोनवर फिरू लागले तेव्हा जरा नवलच वाटले. त्यातून नाव जपानी. आराता इझुमी.

भायखळ्यात, जुना क्लेअर रोड म्हणजे आताचा मिर्झा गालिब मार्ग, तिथून आग्रीपाडा, नागपाड्यापर्यंतच्या पट्ट्यात फुटबॉलचे वेड जुने आहे. विश्वचषकाचे वर्ष आले की इथल्या गल्ल्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आणि कोण मोठा यावरून दोन सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत. अशा ठिकाणच्या पोरांना मेस्सी, रोनाल्डोचे कौतुक असणारच. पण ज्याने २०१० च्या आसपास मुंबई-पुण्याच्या अर्ध्या रिकाम्या मैदानांवर चेंडू खेळवला, त्या माणसाचे चाळीस-चाळीस सेकंदांचे तुकडे ही पोरे पाहतात, एकमेकांना पाठवतात, वर 'याने आपल्यासाठी पासपोर्ट सोडला' असे सांगतात. त्याचे सामने झाले तेव्हा यातली बरीचशी रांगत होती.

निमित्त झाले रायन विल्यम्सचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जन्मलेला हा खेळाडू २०२३ पासून बंगळुरू एफसीकडून खेळतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातूनही तो एकदा उतरला होता. त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि सुनील छेत्रीने त्याच्या हाती भारतीय पासपोर्ट दिला, तो फोटो सगळीकडे झळकला. रायनची आई मूळची मुंबईची, अँग्लो-इंडियन घरातली. आईचे वडील १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. अँग्लो-इंडियन म्हटले की जुन्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढे रेल्वेच्या वसाहती आणि भायखळा येतोच. बॉम्बे एज्युकेशन सोसायटी इथे १८२५ साली आली, ख्राइस्ट चर्च शाळा इथलीच, आणि इंजिन ड्रायव्हर, गार्ड, टेलिग्राफवाले असल्या घरांतली पोरे हॉकी आणि फुटबॉल दोन्ही सारख्याच सफाईने खेळत. तेव्हा विल्यम्सच्या बातमीत इथल्या माणसांना थोडा माहेरचा वास आला तर त्यात वावगे काही नाही.

पण त्या बातमीत हटकून येणारे एक वाक्य होते: असे याआधी २०१३ मध्ये आराता इझुमीने केले होते. त्या एका वाक्याने इझुमी पुन्हा वर आला. आता हा कोण, ते सांगायला हवे.

जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला शिमोनोसेकी नावाचे बंदर आहे. शाळेत इतिहास मन लावून वाचलेल्यांना १८९५ चा चीन-जपान तह आठवेल, तो इथलाच. खवय्यांना ते विषारी फुगु माशासाठी ठाऊक असते. तिथे १९८२ च्या जुलैत आराताचा जन्म झाला. आई जपानी आणि वडील गुजराती, आडनाव खंभोळजा. मुंबईचा आणि जपानचा संबंध कापसामुळे फार जुना. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या पाठबळावर मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली, ती आपला कापूस तिकडे न्यायला. गुजराती माणूस जपानात गेला की व्यापार करतो, ही आपली समजूत. त्याचा मुलगा हाफबॅक होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी येणार?

आराता दहा वर्षांचा असताना, १९९३ मध्ये, जपानात जे लीग सुरू झाली. तोवर जपानी फुटबॉल हाही आपल्यासारखाच कंपन्यांच्या संघांचा कारभार होता. इथे मला एक जुना धागा उसवावासा वाटतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत जपानला २-० असे घरी पाठवले. त्याच ऑस्ट्रेलियाला पुढच्या फेरीत, १ डिसेंबरला, भारताने ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ हरवले, तो एक गोलही नेव्हिलचाच. भारत चौथा आला. त्या वेळी जपानी मुलाने फुटबॉल खेळायला भारतात यावे, ऑस्ट्रेलियन मुलाने यावे, यात कुणाला चमत्कारिक वाटले नसते. आज जपान विश्वचषकात जर्मनी आणि स्पेनला हरवतो (२०२२), आणि आपण क्रमवारीत शंभरीच्याही पार बाहेर आहोत. तरी ती मुले आपल्याकडे आली. का आली, या प्रश्नातच इझुमीच्या लोकप्रियतेचे निम्मे उत्तर आहे.

नेव्हिलची हॅट्‌ट्रिक मुंबईत कुणी पाहिली? कुणीच नाही. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ ला. लोकांनी ती रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून ऐकली-वाचली, आणि मग चाळीच्या गॅलरीत, चर्चच्या आवारात, इराण्याच्या संगमरवरी टेबलाभोवती ती इतक्यांदा सांगितली गेली की सांगणाऱ्याला आपण मेलबर्नला होतो असे वाटू लागले. खेळाडूची कीर्ती अशी तोंडातोंडी चाले. नेव्हिल कॅल्टेक्सकडून आणि टाटांकडून खेळे, म्हणजे शनिवार-रविवारी कूपरेजवर तो डोळ्यांनी दिसतही असे. ऐकलेले आणि पाहिलेले यांची गाठ तिथे पडे.

कूपरेजला भायखळ्याहून जाणे फार सोपे. १९६४ पर्यंत ट्रॅम होती, नंतर बस. पैसे नसतील तर पायी. तिथे रोव्हर्स कप चाले, १८९१ साली सुरू झालेला, आपल्या देशातल्या जुन्यातल्या जुन्या स्पर्धांपैकी एक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आला की मदनपुरा, नागपाडा ओस पडे. आणि स्थानिक संघ म्हणजे कोण? रेल्वे, बेस्ट, टाटा, बँका, आणि गिरण्या. मफतलालचा संघ मोठा दबदबा असलेला. राणीच्या बागेला लागून मफतलाल गिरणीची भिंत होती. त्या भिंतीच्या आत साचे चालत आणि बाहेर त्याच नावाचे अकरा जण चेंडू खेळत. पुढे ऑर्के मिल्सचा संघ गाजला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत गिरण्यांबरोबर गिरणगावचे बरेच काही गेले. त्यात खेळही गेला, याची मोजदाद फारशी कुणी केली नाही. तमाशा, भजनी मंडळे, व्यायामशाळा यांवर लिहिले गेले. कंपनीच्या टीमवर कोण लिहिणार?

या टीमचा एक मोठा गुण होता. खेळाडूला नोकरी असे. तो मैदानावर नसला तर खात्यात बसलेला असे, रेशनच्या रांगेत दिसे, मुलांना खोचून सांगे, 'डाव्या पायाने मार, उजवा काय कुणीही मारतो.' निवृत्त झाला तरी वस्तीतून निवृत्त होत नसे. त्याची लोकप्रियता चार गल्ल्यांची असेल, पण त्या चार गल्ल्या त्याला ओळखत.

इझुमी भारतात आला तोवर हे जवळजवळ संपले होते. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला आणि लवकरच मुंबईत महिंद्र युनायटेडकडे. महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा, मालकांच्या धंद्यावरून लोक त्यांना 'जीपमेन' म्हणत. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली होती. मुंबईचा संघ देशाचा विजेता झाला होता, आणि मुंबईत किती जणांना ते कळले असेल देव जाणे. रोव्हर्स कप २००० च्या सुमारास बंद पडला होता. कूपरेजवर प्रेक्षक असत, पण कोण कुठे बसतो हे एकमेकांना ठाऊक असावे इतकेच. त्यांनी या जपानी पोराला पाहिले. अंगाने किरकोळ, मधल्या फळीतला, पुढे सरकून खेळायची आवड असलेला. पंचाशी हुज्जत नाही, अंगावर कुणी आला तर उगाच लोळणे नाही. जपानात ओएनजीसीचे नाव कुणी ऐकले नसेल, पण पुढे त्या संघाकडूनही कात्सुमी युसा नावाचा जपानी खेळाडू मुंबईत खेळून गेला आणि नंतर मोहन बागानवाल्यांचा लाडका झाला. तेव्हा इझुमी हा एकटा अपवाद नव्हता. फरक असा की बाकीचे परदेशी म्हणून आले आणि परदेशी म्हणून गेले.

२००९ पासून तो पुणे एफसीत. अशोक पिरामल समूहाचा हा संघ, खेळे बालेवाडीला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग पुण्याने दुसरे स्थान मिळवले. पुण्यात फुटबॉल म्हणजे कॅम्पातली गोष्ट, ही समजूत त्या दोन-चार वर्षांत थोडी ढिली झाली. आणि याच काळात त्याने तो निर्णय घेतला.

हा निर्णय म्हणजे नेमके काय, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण फोनवरच्या कौतुकात तो एका ओळीत उरकला जातो. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. वडील भारतीय, आजोबा भारतीय, 'ओव्हरसीज सिटिझन'चे कार्ड खिशात, असे सगळे असले तरी राष्ट्रीय संघातून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच हवा, असे क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवून टाकले. जपानचा कायदाही तितकाच कडक. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतलेत की जपानचे गेले. म्हणजे मधला रस्ता दोन्हीकडून बंद. जपानी पासपोर्ट ही काही साधी चीज नव्हे. त्याच्यावर जगातल्या बहुतेक देशांत व्हिसावाचून जाता येते. आपल्याकडची माणसे तसला पासपोर्ट मिळावा म्हणून आयुष्य घालवतात. अशात तिशीला टेकलेला एक खेळाडू, ज्याच्या पायांत फार तर पाच-सहा वर्षांचा फुटबॉल उरला आहे, तो उलट्या दिशेने चालत येतो.

कागदोपत्री तो नीलकंठ खंभोळजा झाला. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताच्या निळ्या जर्सीत पहिल्यांदा उतरला. भारताने तो सामना २-४ असा गमावला. त्यानंतर त्याला मिळालेले सामने दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. विश्वचषक नाही, आशियाई पदक नाही. व्यवहार म्हणून पाहिले तर हा निव्वळ तोट्याचा सौदा, आणि त्याच्या वडिलांच्या मुलखातल्या कुणालाही विचारा, तो हेच म्हणेल.

मग कौतुक कशाचे होते आहे? मला वाटते, याच तोट्याचे. गोल कितीतरी जणांचे सुंदर असतात, ते पाहून माणूस पुढचा तुकडा लावतो. इझुमीचा तुकडा पाहून तो थांबतो, कारण त्याला मनातल्या मनात स्वतःचा हिशेब करावा लागतो. घरात कुणी कॅनडाचे कागद भरत असते, कुणाचा दुबईचा व्हिसा अडकलेला असतो. भायखळ्यात तर असे घर शोधावे लागत नाही. इथले अर्धे अँग्लो-इंडियन पर्थला आणि मेलबर्नला गेले, गोवेकर पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी आजोबांचे जन्मदाखले शोधत असतात, मुसलमान वस्तीतली पोरे आखातात. अशा ठिकाणी 'एकाने जपान सोडून इकडचे घेतले' ही गोष्ट कुठल्याही बायसिकल किकपेक्षा जास्त दचकवते.

निवृत्तीनंतरची प्रसिद्धी फोनवरून किंवा संगणकावरून वाढवण्याची कला जपान्यांनी आपल्याआधी फार वर्षे ओळखली होती. हिदेतोशी नाकाता हे नाव थोरल्या वाचकांना आठवेल. १९९८ मध्ये तो इटलीच्या पेरुजियाकडे गेला, पहिल्याच सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले आणि जपानी प्रवाशांच्या बसगाड्या त्या डोंगरावरच्या गावात येऊ लागल्या. पत्रकारांशी त्याचे कधी जमले नाही. म्हणून त्याने त्याच सुमारास इंटरनेटवर स्वतःची जागा उघडली आणि चाहत्यांशी थेट बोलू लागला. आपल्याकडे तेव्हा एसटीडी बूथसमोर रांगा होत्या. २००६ च्या विश्वचषकानंतर, वय अवघे २९, त्याने निवृत्ती जाहीर केली तीही तिथेच. पत्रकार परिषद नाही, हार-तुरे नाहीत. नंतर तो जगभर भटकला, मग जपानी मद्य साके आणि कारागिरी यांच्या मागे लागला, आणि आजही त्याच्या जुन्या पासचे तुकडे लाखो लोक पाहतात.

नाकाताने आपली प्रसिद्धी आपल्या हाती ठेवली. इझुमीच्या बाबतीत उलटे घडले. त्याची ही दुसरी खेळी लोकांनीच मांडली, तीही वर्षानुवर्षांनी. कारण त्याच्याजवळ सांगायला त्याची मैदानेच उरली नाहीत. पाहा ना. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये. मग सुपर लीगमध्ये तो कोलकाता, पुणे, केरळ असा फिरला; त्यातला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. महाराष्ट्रात या माणसाने ज्या ज्या संघाचा शर्ट घातला तो संघ आज अस्तित्वात नाही. कुठल्या क्लबाच्या भिंतीवर त्याचा फोटो लागणार? कोणता जुना सहकारी मैदानाच्या दारात उभा राहून नातवाला सांगणार की हा बघ, इथून त्याने मारला होता? कूपरेजच्या जुन्या लाकडी गॅलऱ्या गेल्या, खाली प्लास्टिकचे गवत आले. तेव्हा जो काही इझुमी उरला आहे तो फोनमध्ये उरला आहे, आणि तो तिथे उरला याबद्दल चार शिव्या ऐकणाऱ्या त्या फोनचे एकदा आभार मानायला हरकत नाही.

मात्र त्या चाळीस सेकंदांत काय दिसत नाही तेही सांगून टाकतो. मधल्या फळीतल्या खेळाडूचे नव्वद मिनिटांतले ऐंशी मिनिटांचे काम चेंडूवाचून असते. जागा अडवणे, समोरच्याला चुकीच्या बाजूला वळवणे, आपला बॅक पुढे गेला तर त्याच्या जागी जाऊन उभे राहणे. हे कूपरेजच्या गॅलरीतल्या माणसाला दिसे, कारण त्याच्यापुढे आख्खे मैदान असे. फोनच्या पडद्यावर चेंडू असतो आणि गोल असतो. जुना प्रेक्षक 'आज गोल नाही केला, पण काय खेळला!' असे म्हणू शके. आजच्या चाहत्याला ते म्हणण्याची सोय नाही. तो बिचारा काय करील? त्याला सामना कुठे बघायला मिळतो? जुलै २०२५ मध्ये आपली सुपर लीगच कंत्राटाच्या घोळात थांबवून ठेवली गेली. इझुमीच्या त्यागाचे गोडवे फोनवर ओसंडत होते त्याच आठवड्यांत पगार होतील की नाही या चिंतेत देशातले व्यावसायिक खेळाडू घरी बसले होते. नेव्हिल डिसोझाला निदान दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असे.

याच घोळात 'परदेशी वंशाचे खेळाडू आणा, म्हणजे संघ सुधारेल' ही हाकाटी वाढली आहे. इझुमीचे नाव त्यासाठी झेंड्यासारखे वापरले जाते. मला ते अर्धवट वाटते. एका खेळाडूने पासपोर्ट बदलला म्हणून संघ बदलत नाही, हे त्याच्याच कारकिर्दीने दाखवले. जपानने बाहेरून खेळाडू आणले, ब्राझीलचा झिको आणला, पण त्याबरोबर प्रत्येक क्लबाला पोरांचे संघ बाळगायला लावले. तिशीतला पाहुणा आणि आठ वर्षांचे पोर या दोन्हींचा विचार एकत्र केला. आपण पाहुण्याचा तुकडा फोनवर पाहतो आणि पोराला मैदान कुठे आहे ते विचारत नाही. भायखळ्यात एखादे मोकळे मैदान शिल्लक असेल तर त्यावर आधी पार्किंग, मग मांडव, मग क्रिकेटचे नेट, आणि उरलेल्या कोपऱ्यात फुटबॉल.

इझुमीने स्वतः काय केले, ते त्याच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बूट काढल्यावर तो जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या 'यंग चॅम्प्स'मध्ये त्याने पोरांना शिकवण्याचे काम घेतले, म्हणजे बारा-पंधरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर सकाळपासून मैदानावर. त्या कामाचे तुकडे फारसे फिरत नाहीत. उभे राहा, वळ, आधी मान फिरवून बघ, मग पास दे, याचा चाळीस सेकंदांचा तुकडा कोण कुणाला पाठवणार?

आणखी एक गंमत. फोनवर त्याला शोधणारा प्रत्येक जण 'आराता इझुमी' असेच टंकतो. कौतुक भारतीय झाल्याचे, आणि हाक जपानी नावाने. पासपोर्टसाठी त्याने घेतलेले नीलकंठ खंभोळजा हे नाव टंकून पाहणारा मला अजून भेटलेला नाही. भायखळ्यातल्या एका पोराला मी ते सांगितले, तर त्याने फोन खाली ठेवला आणि विचारले, 'हा कोण? आपल्या इथलाच का?'